व्याही, ताडी आणि सेल्स टॅक्स

मागच्या उन्हाळ्यात सासरी बोअर मारायची होती. जत तालुका, म्हणजे पाण्याबद्दल काही बोलायलाच नको, आधीच्या दोन बोअर कोरड्या गेलेल्या, तिसरी मारायची की नाही यावर घरात महिनाभर वादावादी, आणि शेवटी धाकट्या भाऊजींनी कुणाला तरी फोन लावला तर त्याच रात्री साडेअकराला दोन अजस्र ट्रक दारात. एकावर आडवी झोपवलेली मशीन, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर आणि पाइप. नंबर टीएन ३४. आमच्या भागात बोअरच्या गाड्या तमिळनाडूच्या असतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण ३४ म्हणजे कुठलं गाव हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तिरुचेंगोडु. सेलमच्या जवळ. देशभर जमिनीला भोकं पाडत फिरणाऱ्या कितीतरी गाड्या या एकाच गावच्या.

सहा-सात पोरं होती आणि त्यांच्यावर एक पन्नाशीतला माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणत होते, मग आम्हीपण अण्णाच म्हणायला लागलो, तो शब्द त्यांचाही आणि आमचाही. मशीन उभी केली, सासूबाईंनी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, आणि तेवढ्यात त्यातला एक पोरगा भाऊजींना बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भैया, वाइन शॉप किदर?"

रात्रीचे बारा वाजलेले. भाऊजी एकदा माझ्याकडे बघतात, एकदा सासूबाईंकडे. अण्णांनी त्या पोराला तमिळमध्ये असं काही झाडलं की भाषा न कळताही आम्हाला सगळं कळलं. आणि मला हसू आवरेना. कारण मी नेमकी त्याच महिन्यात राजाजींबद्दल मिळेल ते वाचत होते, आणि ज्या माणसाने अख्ख्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी करून दाखवली, ज्याने याच तिरुचेंगोडुजवळ आश्रम काढून दारूविरुद्ध मासिक चालवलं, त्याच्याच गावची ही पोरं आमच्या दारात येऊन वाइन शॉप विचारत होती!

राजाजी म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. आपल्याकडे त्यांची ओळख म्हणजे शाळेतला एका मार्काचा प्रश्न, पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल कोण. उत्तर लिहायचं आणि विसरून जायचं. मीही विसरले होते. पण माझं ऑफिस कल्याणीनगरला, रोज बंडगार्डनचा पूल ओलांडून पर्णकुटीच्या सिग्नलला सात-आठ मिनिटं उभं राहायचं, आणि एकदा कंटाळून मोबाइलवर शोधलं की ही पर्णकुटी आहे तरी काय. नाव पर्णकुटी आणि प्रत्यक्षात टेकडीवरचा ठाकरसींचा चांगला महालासारखा बंगला, हा पुणेरी विनोद एक वेळ सोडा. पण तिथे १६ जून १९३३ ला गांधींच्या मुलाचं लग्न राजाजींच्या मुलीशी झालं हे वाचलं, आणि लग्न लावणारे भटजी कोण, तर वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी! विश्वकोशवाले! इथून पुढे मी अडकले ती अडकलेच.

तर मूळ माणूस. जन्म १० डिसेंबर १८७८, होसूरजवळचं थोरापल्ली नावाचं खेडं, तेव्हा सेलम जिल्ह्यात. वडील गावचे मुन्सिफ. घर अय्यंगार ब्राह्मणाचं, सोवळ्या-ओवळ्याचं. पोरगा अंगाने काडी आणि डोक्याने तलवार, बंगलोरला कॉलेज, मद्रासला वकिली शिकला आणि १९०० च्या सुमारास सेलमला येऊन प्रॅक्टिस सुरू केली. ती अशी चालली की काही वर्षांतच सेलममधल्या बड्या वकिलांत नाव. १९१७ मध्ये सेलम नगरपालिकेचे चेअरमन. तोपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही हुशार ब्राह्मण वकिलाची असते तशीच आहे, आपल्याकडे पुण्या-साताऱ्यात असे पाच-पन्नास सापडतील.

पण घरातली गोष्ट वाचताना मी थांबले. लग्न १८९७ मध्ये झालं, मुलगी अलमेलु मंगम्मा, वय वर्षं दहा. तेराव्या वर्षी पहिलं मूल. मग एकामागून एक पाच, तीन मुलगे आणि दोन मुली. आणि तिशीसुद्धा गाठायच्या आत ती गेली. नवरा तेव्हा छत्तीस-सदतीसचा, शेंडेफळ लक्ष्मी अगदी तीनेक वर्षांची. त्या काळात बायको मेल्यावर तेराव्याच्या जेवणातच स्थळं यायला लागायची, हा तर नाव कमावलेला वकील, पण याने दुसरं लग्न केलं नाही. पुढे जवळजवळ सत्तावन्न वर्षं एकटा राहिला.

एकटा म्हणजे काय, त्याचं एकटेपण निभावून न्यायला थोरली मुलगी होती. नामगिरी. ती लहान वयातच विधवा झाली आणि मग वडिलांचं घर हेच तिचं घर. राजाजी दिल्लीला गव्हर्नर जनरल झाले तेव्हा माउंटबॅटनबाईंच्या जागी त्या राजवाड्यात यजमानीण म्हणून उभी कोण, तर ही नऊवारीतली विधवा मुलगी. बरोबर, तमिळ अय्यंगारांची ती नऊवारीच, पाचवारी नव्हे, मडिसार म्हणतात ते, पण ती तेव्हा नेमकं काय नेसायची यावर मी पैज लावणार नाही, ते आपलं माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र आहे. मुद्दा एवढाच की राजाजींच्या साधेपणाचं कौतुक करणारे तो साधेपणा रोज रांधून वाढणाऱ्या नामगिरीला एका ओळीत उरकतात. मीपण तिला इथे एका परिच्छेदातच उरकतेय, काय करणार.

१९१९ मध्ये गांधी मद्रासला आले आणि राजाजींच्या घरी उतरले. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळायचा ही कल्पना गांधींना याच घरात पहाटे अर्धवट झोपेत सुचली, त्यांनी स्वतः तसं लिहून ठेवलंय. त्यानंतर वकिली सुटली, जेल सुरू झालं, आणि १९२५ च्या फेब्रुवारीत राजाजी पोरंबाळं घेऊन तिरुचेंगोडुजवळ पुदुपाळयमला जाऊन राहिले. तिथल्या जमीनदाराने जागा दिली, झोपड्या उभ्या केल्या, गांधी आश्रम. कोरडा, खडकाळ मुलूख, आमच्या जतसारखाच. सूतकताई, विणकाम, विहिरी, आणि आश्रमात दलित आणि ब्राह्मण एकाच पंगतीला. गावकऱ्यांना ते रुचण्यासारखं नव्हतंच.

आणि या आश्रमात त्यांनी दारू हा विषय धरला.

इथे मला माझं एक सांगायचंय, नाहीतर मी एवढी का गुंतले ते कळणार नाही. माझ्या आईचे वडील इचलकरंजीला मागावर होते. पॉवरलूम. आजी घरी कांड्या भरायची. आठवड्याचा पगार. आणि पगाराच्या दिवशी आजी माझ्या आईला, तेव्हा ती असेल नऊ वर्षांची, कडेवर धाकट्या भावाला देऊन शेडच्या गेटवर उभी करायची. खटखट थांबली की माणसं बाहेर पडायची, केसांत, भुवयांवर कापूस, सगळे म्हातारे दिसायचे म्हणते आई. त्यात आपला बाप ओळखायचा आणि पळत जाऊन सदऱ्याला धरायचं. धरला तर तो काही बोलायचा नाही, खिशातून पैसे काढायचा, एक नोट स्वतःला ठेवायचा आणि बाकीचे तिच्या मुठीत. आजोबा वाईट नव्हते हो, आई आजही तेच सांगते, फक्त गेट ते गुत्ता या दोनशे पावलांत त्यांचं त्यांच्यावर काही चालत नव्हतं. एकदा आईला यायला पाच मिनिटं उशीर झाला. त्या आठवड्यात घरात सकाळ-संध्याकाळ कण्याच होत्या. एवढंच सांगते, त्या रात्री काय झालं ते कधी सांगत नाही.

राजाजींचं दारूबद्दलचं म्हणणं वाचताना मला सारखं ते गेट दिसत होतं. कारण हा माणूस पाप-पुण्याची फार बडबड करत नाही. तो वकील आहे, हिशेब मांडतो. विणकराची मजुरी किती, ताडीच्या दुकानात जाते किती, उरते किती, तेवढ्यात पाच माणसं काय खाणार. दारू पिणाऱ्याला सुधारा असं म्हणत बसण्यापेक्षा गेट ते गुत्ता या वाटेतलं दुकानच उचला, हे त्याचं सरळ उत्तर. १९२९ मध्ये त्याने विमोचनम नावाचं तमिळ मासिक काढलं, संपूर्ण मासिक फक्त दारूबंदीवर! गोष्टी, गाणी, चित्रं, आकडेवारी, सगळं तेच. मदतीला कोण तर कल्की कृष्णमूर्ती, पुढे तमिळमधले अफाट लोकप्रिय कादंबरीकार झाले ते. जेमतेम दहा अंक निघाले, मग मिठाचा सत्याग्रह आला आणि संपादक जेलमध्ये. तिरुचिरापल्ली ते वेदारण्यम, दीडशे मैल, शंभरेक माणसं बरोबर, दक्षिणेतली दांडी यात्राच ती.

बाय द वे, दारूविरोधात हे एकटे नव्हते. ईरोडला पेरियार, जे पुढे राजाजींचे कट्टर राजकीय विरोधक आणि तरीही जिवाभावाचे मित्र, त्यांनी १९२१ च्या आंदोलनात स्वतःच्या बागेतली शेकडो नारळाची झाडं तोडून टाकली, का तर त्यातून ताडी निघते. आपण त्याला माडी म्हणू. आणि ते जेलमध्ये गेल्यावर दुकानांपुढचं पिकेटिंग त्यांची बायको नागम्माई आणि बहीण कन्नम्माळ यांनी चालवलं. पिकेटिंग थांबवायचं का असं गांधींना विचारलं तर ते म्हणाले की ते माझ्या हातात नाही, ईरोडच्या त्या दोन बायकांना विचारा, असं सांगतात. मला हे फार आवडतं.

आता लग्न. देवदास गांधी, गांधींचा सगळ्यात धाकटा मुलगा, याला बापाने १९१८ मध्येच मद्रासला हिंदी शिकवायला पाठवलं होतं. पुढे येणं-जाणं वाढलं आणि लक्ष्मी पंधरा वर्षांची असताना हे दोघं प्रेमात पडले, तो अठ्ठावीसच्या आसपास. आता विचार करा, एक बाप गांधी, दुसरा बाप राजाजी. अशा घरात प्रेमात पडायचं म्हणजे काय हिंमत पाहिजे. दोन्ही बापांनी मिळून अट घातली, पाच वर्षं थांबा, भेटायचं नाही, पत्रं लिहायची नाहीत. पाच वर्षांनी हेच मन राहिलं तर लग्न लावून देऊ.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या दोघांनाही शिव्या घातल्या. देश स्वतंत्र करायला निघालेत आणि पोरांना एक पोस्टकार्ड लिहू देत नाहीत. पण मग ते दहा आणि तेरा आठवलं. ज्या माणसाची बायको दहाव्या वर्षी घरात आली, तेराव्या वर्षी आई झाली आणि तिशीआधी संपली, त्याने स्वतःच्या पोरीला एकविसाव्या वर्षापर्यंत लग्नापासून लांब ठेवलं. त्याने हे असं मनात मांडलं होतं की नाही कुणास ठाऊक, मला मात्र त्या अटीत मंगम्मा दिसते. अर्थात पत्रं बंद करायची काही गरज नव्हती हे माझं मत कायम आहे.

ते दोघं थांबले. खरोखर पाच वर्षं. त्यात दोन्ही बाप आत-बाहेर, देवदासही जेलमध्ये. १९३३ च्या ८ मेला गांधींनी येरवडा जेलमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं, सरकारने त्याच संध्याकाळी सोडून दिलं, आणि बाकीचं उपोषण पर्णकुटीत झालं. २९ मेला सुटलं. आणि त्यानंतर अठरा दिवसांनी, म्हातारा अजून धड उभा राहू शकत नसताना, तिथेच लग्न. मुलगी ब्राह्मण, मुलगा बनिया. म्हणजे प्रतिलोम, मुलगी वरच्या वर्णाची. अनुलोम, म्हणजे उलटं, एक वेळ शास्त्री लोक डोळे मिटून चालवून घेतील पण प्रतिलोम म्हणजे शांतं पापं. अशा लग्नाला मंत्र म्हणायला उभा राहिला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेला बत्तीस वर्षांचा तर्कतीर्थ. वाई! कृष्णेकाठची, घाटांची, वेदशाळांची वाई! अस्पृश्यता शास्त्रात बसत नाही हे गांधींच्या बाजूने शास्त्रं उघडून दाखवणाऱ्यांत हे होतेच, पण वाद घालणं वेगळं आणि असं लग्न स्वतःच्या तोंडाने लावणं वेगळं. गांधींनी त्या दिवशी मुलाला सांगितलं त्याचा अर्थ असा की तू आज राजगोपालाचारींचं एक रत्न पळवलंस, आता त्या लायकीचा हो.

आणि असे ते दोघे व्याही झाले. इंग्रजी पुस्तकांत गांधी राजाजींना माझी सदसद्विवेकबुद्धी सांभाळणारा म्हणायचे वगैरे मोठं मोठं लिहिलेलं असतं, ते खरंच आहे, पण मराठीत त्या नात्याला व्याही असा सुटसुटीत शब्द आहे आणि त्यात मान, टोमणा, रुसवा, सगळं येतं. १९४२ मध्ये चले जाव वेळी राजाजी गांधींच्या विरोधात गेले, काँग्रेस सोडली, देशभर शिव्या खाल्ल्या, मुस्लिम लीगशी बोला म्हणून एकटे ओरडत राहिले. व्याह्यांचं जाणं-येणं मात्र तुटलं नाही.

आता तो सेलमचा प्रयोग. जुलै १९३७, मद्रास प्रांतात काँग्रेसचं सरकार, राजाजी पंतप्रधान, तेव्हा प्रांताच्या मुख्यालाही तेच म्हणत. तिजोरीत येणाऱ्या पैशातला जवळपास चौथा हिस्सा अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा. म्हणजे सरकार चालत होतं ते माझ्या आजोबांसारख्यांच्या खिशावर. आणि १ ऑक्टोबर १९३७ ला, सत्तेवर येऊन तीन महिने होत नाहीत तोवर, सेलम जिल्ह्यात बंदी. दुसऱ्या दिवशी गांधीजयंती. स्वतःच्या जिल्ह्यापासून सुरुवात, मग ऑक्टोबर १९३८ मध्ये चित्तूर आणि कडप्पा, १९३९ मध्ये उत्तर अर्काट.

यातली एक गोष्ट मला जवळून बघावीशी वाटली, ताडी उतरवणाऱ्यांची. ताडाच्या झाडावर चढून कोयत्याने पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, छाटायची, खाली मडकं बांधायचं, रात्रभर रस थेंब थेंब पडतो. पहाटे उतरवला तर नीरा, गोड, आपण स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर पितो तीच. आणि ऊन चढलं की तीच आंबते आणि ताडी होते. म्हणजे एकच झाड, एकच मडकं, आणि गुन्हा असणं-नसणं हे फक्त घड्याळावर! यावर उपाय म्हणजे मडक्याला आतून चुना फासायचा, चुन्याने रस आंबत नाही, मग त्याचा गूळ करता येतो. बंदीनंतर या लोकांना गोड रस काढायची आणि गूळ करायची मुभा होती. कागदावर छान. पण गूळ करायला सरपण लागतं, कढई लागते, बायकोने दिवसभर चुलीपुढे बसावं लागतं, आणि ताडीचे पैसे हातात रोज रोख मिळायचे. दारू सुटली म्हणून घरात भाकरी आली अशी घरं तिथे होती, आणि झाड सुटलं म्हणून भाकरी गेली अशीही. दारूबंदीवाले पहिलं सांगतात, विरोधवाले दुसरं, आणि दोन्ही एकाच गावात होतं.

पैशाचं काय केलं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. अबकारी गेली तर खड्डा भरणार कसा? १९३९ मध्ये राजाजींनी सेल्स टॅक्स आणला. दुकानदाराच्या विक्रीवर कर. सरसकट सगळ्या मालावरचा असा सेल्स टॅक्स देशात पहिल्यांदा तिथे लागला. व्यापारी खवळले, ओरडले, पण झाला. म्हणजे हिशेब असा की दारुड्याच्या एकट्याच्या खिशातून जे निघायचं ते आता सगळ्यांच्या खिशातून थोडं थोडं. माझ्या आजीला विचारलं असतं तर ती हा टॅक्स हसत भरली असती. आणि मग पुढे काय झालं? महायुद्ध आलं, मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, गव्हर्नरच्या राजवटीत बंदी उठली, स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अख्ख्या प्रांतात पुन्हा लागली, १९७१ ला पुन्हा उठली, पुन्हा लागली, पुन्हा उठली. सेल्स टॅक्स मात्र एकदा आला तो गेला नाही. बाकीच्या प्रांतांनी उचलला, मग त्याचा व्हॅट झाला, मग जीएसटी. दारू गेली म्हणून टॅक्स आला, दारू परत आली, टॅक्सपण तिथेच! आज तमिळनाडूत दारूची दुकानं सरकारच चालवतं, टास्मॅक, वर्षाला चाळीस हजार कोटींच्या वर पैसा येतो त्यातून. म्हणजे राजाजींनी बुजवलेला खड्डा पुन्हा उकरला आणि वर भरावही काढून नेला नाही.

हट्टी होता माणूस, यात शंका नाही. आणि तो हट्ट दरवेळी शहाणपणाचा होता असंही नाही. १९३७-३८ मध्येच शाळांत हिंदी सक्तीची केली आणि प्रांत पेटवून घेतला, दोन तरुण जेलमध्ये मेले. तोच माणूस म्हातारपणी हिंदीसक्तीच्या विरोधात उभा. १९५३ मध्ये, पुन्हा मुख्यमंत्री असताना, प्राथमिक शाळा रोज तीनच तास भरवायची आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापाचा धंदा शिकायचा अशी योजना आणली. हेतू म्हणे तेवढ्याच शाळांत दुप्पट मुलं बसवायची. पण लोकांनी त्याला नाव ठेवलं कुल कल्वी, जातीचं शिक्षण, आणि चुकीचं नाव ठेवलं असं मला वाटत नाही. वकिलाचा मुलगा घरी वकिली शिकणार आणि चांभाराचा मुलगा चपला शिवणार, हे एवढ्या हुशार माणसाला दिसू नये? ज्याच्या आश्रमात सगळ्या जाती एका पंगतीला जेवल्या त्याला? १९५४ मध्ये खुर्ची सोडावी लागली आणि कामराज आले, त्यांनी ती योजना पहिल्यांदा गुंडाळली. बरं झालं.

मग ऐंशीव्या वर्षी, ज्या वयात माणसं नातवंडांची नावं विसरतात, यांनी नेहरूंच्या विरोधात नवा पक्ष काढला, स्वतंत्र पक्ष, १९५९. तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा नरसिंहन लोकसभेत काँग्रेसचा खासदार. घरातली जेवणं कशी होत असतील! जावई देवदास त्याआधीच, १९५७ मध्ये, मुंबईत गेला होता. पाच वर्षं वाट बघून मिळालेला संसार चोवीस वर्षांचा झाला. लक्ष्मी पंचेचाळिसाव्या वर्षी विधवा, चार मुलं, तारा, राजमोहन, रामचंद्र, गोपालकृष्ण, सगळीच पुढे नाव काढणारी. राजाजींच्या दोन्ही मुलींचे नवरे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. बाप मात्र काठी टेकत, काळा चष्मा घालून, रोज काहीतरी लिहीत राहिला.

१९७१. करुणानिधींच्या सरकारने ठरवलं की तिजोरी रिकामी आहे, दारूबंदी उठवू. राजाजी ब्याण्णव वर्षांचे. ज्या द्रमुकला यांनीच १९६७ मध्ये हात देऊन सत्तेवर बसवायला मदत केली तेच हे सरकार. सांगतात की भर पावसात हा म्हातारा गाडी काढून करुणानिधींच्या घरी गेला, निरोप नाही, लवाजमा नाही, आणि हात जोडून म्हणाला की हे करू नका. करुणानिधींनी मान दिला, ऐकून घेतलं, आणि ऑगस्टअखेर बंदी उठवली. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९७२ ला, राजाजी गेले. त्यानंतर दोनेक वर्षांत त्याच करुणानिधींनी बंदी परत लावली, आणि काही वर्षांनी मुख्यमंत्री झालेल्या एमजीआरनी, म्हणजे नट एम. जी. रामचंद्रन यांनी, ती परत काढली. सगळा खेळच.

आपण हसायचं कारण नाही म्हणा. मुंबईतही १ ऑगस्ट १९३९ ला तेव्हाचे मंत्री डॉ. गिल्डर यांनी बंदी लावलीच होती, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे आजही जिवंत आहे, म्हणजे कायद्याने बघितलं तर महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत, देशी असेल तर दोन रुपयांत. परमिट रूममधलं ते परमिट हेच. किती जणांनी बघितलंय? माझ्या मावसबहिणीच्या गावात बायकांनी मतदान घेऊन आडवी बाटली केली, दुकान बंद झालं, पेढे वाटले. आता तिथे घरपोच मिळते.

हे सगळं मी आईला सांगितलं, मेथी निवडत बसली होती ती. दारूबंदी, सेल्स टॅक्स, पर्णकुटी, सगळं. बाकी कशावर काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "पाच वर्षं पत्र नाही? आणि ती थांबली?" मी म्हटलं हो. मग बऱ्याच वेळाने, जुडी संपत आल्यावर, "आम्हालापण कुणीतरी ते दुकान उचलायला पाहिजे होतं. एक-दोन वर्षं तरी. तेवढ्यात मी सातवी झाले असते."

तर बोअर. रात्रभर मशीन चालली, घरात कुणी झोपलं नाही, पांढरी धूळ अंगणभर, तुळशीवर, वाळत घातलेल्या साड्यांवर. पहाटे चारच्या पुढे मी अण्णांना चहा नेऊन दिला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, पुदुपाळयमचा गांधी आश्रम अजून आहे का. त्यांनी एकदम मान वर केली. "है ना मॅडम, खादी, साबुन, सब मिलता है. राजाजी का है." मग त्या पोराकडे हनुवटीने दाखवून म्हणाले, "इन लोग को मालूम नहीं." पोरगा पाइप जोडत होता, त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ४१० फुटांवर ओली माती वर आली आणि ४३० ला पाणी, दीड इंची म्हणाले, सासूबाई रडायलाच लागल्या.

सकाळी हिशेबाला बसलो. फुटाचा दर, केसिंगचे वेगळे, अण्णांनी वहीत सगळं तमिळ अक्षरात मांडलेलं, आकडे तेवढे कळत होते. भाऊजी नोटा मोजायला लागले तसे अण्णांनी पेन थांबवलं.

"भैया, बिल होना क्या? बिल होना तो जीएसटी अलग."

"नको नको," भाऊजी म्हणाले, "असंच राहू दे."